पडद्यावरची हळद

जानेवारी उजाडला की महामार्गावरून नायगावकडे वळणाऱ्या रस्त्याला फ्लेक्सची रांग लागते. ३ जानेवारी ही सावित्रीबाई फुल्यांची जयंती, आणि १८३१ साली त्या जन्मल्या ते नायगाव खंडाळा तालुक्यातलेच. हे खंडाळा मुंबई-पुण्याच्या वाटेवरचे नव्हे. खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे, सातारा जिल्ह्यातले. एकामागून एक फ्लेक्स पाहत जावे तर चित्र बहुधा एकच असते, पण एकावर लुगडे डाळिंबी दिसते, पुढच्यावर विटकरी, त्याच्यापुढे जांभळ्याकडे झुकलेले. चेहरा कुठे तांबूस, कुठे राखेसारखा. उन्हाने रंग उडाला म्हणावे तर बॅनर आदल्या दिवशीच लागलेला असतो. छापणारी मशीन निराळी, शाई निराळी, हे खरेच आहे. पण फाइल मशीनवर जाण्याआधी कुणीतरी घरी किंवा दुकानात मॉनिटरसमोर बसून तो रंग पाहिलेला असतो आणि 'झालं, पाठवा' म्हटलेले असते. त्या क्षणी मॉनिटरने त्याला काय दाखवले, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. छपाईवाल्याला बोल लावून विषय संपतो.

हे काम करणारा माणूस आता गावोगावी आहे. दिवसा शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करायची आणि संध्याकाळी घरच्या कॉम्प्युटरवर कोरल हे डिझाइनचे सॉफ्टवेअर उघडून वाढदिवसाचे बॅनर, लग्नपत्रिका, डेअरीचे लेबल, मसाल्याचे पाकीट करायचे. जेवणानंतर त्याच टेबलावर, त्याच मॉनिटरवर तो किंवा त्याचा धाकटा भाऊ व्हॅलोरंट नाही तर काउंटर-स्ट्राइकसारखा खेळ लावतो. दोन कामांना दोन मॉनिटर घेण्याइतकी जागा नसते, पैसेही नसतात. म्हणून एकच घ्यायचा ठरतो, आणि खोक्यावरच्या आकड्यांवरून घेतला जातो: १४४ हर्ट्झ, १८० हर्ट्झ, २४० हर्ट्झ, १ मिलिसेकंद. रंगाबद्दल खोक्यावर एखादी बारीक ओळ असते. माझे म्हणणे असे, की एकाच मॉनिटरकडून दोन्ही कामे करून घ्यायची असतील तर आधी रंगाचा खरेपणा पाहावा आणि वेग त्यानंतर. वेग कमी महत्त्वाचा आहे असे मला म्हणायचे नाही. वेगातला दोष वापरणाऱ्याला स्वतःला दिसतो, रंगातला दोष मात्र त्याला दिसूच शकत नाही, हे त्याचे कारण.

वेगाचे पाहू. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते. १४४ हर्ट्झवर ते ६.९ मिलिसेकंदांवर येते. जवळजवळ १० मिलिसेकंदांची ही बचत मोठी आहे. माउस झटक्यात फिरवला की भिंतीची कड फाटल्यासारखी किंवा पुसट दिसायची, ती आता सलग दिसते. हे खेळणाऱ्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला, तसेच हे. हात आणि डोळा मिळून लगेच निवाडा देतात. पण पुढचा हिशेब कुणी मांडत नाही. १४४ वरून २४० वर गेले तर बचत २.८ मिलिसेकंदांची, २४० वरून ३६० वर गेले तर अवघी १.४. आकडा दर वेळी दिमाखात चढतो, पण हाती येणारे दर वेळी कमी होत जाते. त्यातही ग्राफिक्स कार्डाला सेकंदाला तेवढी चित्रे तयार करता आली तरच ते हाती येते. आणखी एक साधी गोष्ट: १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणून विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वरच राहू दिलेला, हे सर्रास घडते. तो आकडा तिथे जाऊन एकदा हाताने बदलावा लागतो, आणि केबलही तेवढे वाहून नेणारी लागते.

रंगाची गोष्ट वेगळी आहे. डोळा समोरच्या पांढऱ्याला पांढरे मानून चालतो. मॉनिटर निळसर असो की पिवळट, पाच-दहा मिनिटांत डोळा त्याला सरावतो आणि तो दोष दिसेनासा होतो. डोळ्याची ही सोय आपल्याला रोज उपयोगी पडते; सकाळच्या उन्हात आणि रात्री ट्यूबलाइटखाली पांढरा सदरा पांढराच दिसतो तो तिच्यामुळे. पण याच सोयीपायी चुकीच्या मॉनिटरसमोर बसलेल्या माणसाला आपण चुकीचे पाहतो आहोत हे कळायला मार्ग उरत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण इथे आठवते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकायला गेले, पण काही रंग ओळखण्यात त्यांच्या डोळ्यांत दोष निघाला आणि रंगकाम सोडावे लागले. ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले, तो विषय त्यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवला, आणि पुढे १९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या जागेवर, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली. रेघ चुकली तर ती स्वतःला दिसते. रंग चुकतो आहे हे आपल्याच डोळ्यांनी ताडता येत नाही. त्याला दुसरे काही लागते, मग तो दुसऱ्याचा डोळा असो, एखादे यंत्र असो की हातात धरलेला खरा नमुना.

सांगलीच्या हळदीवरून हे नीट समजते. सांगलीची बाजारपेठ हळदीच्या मोठ्या पेठांपैकी एक, तिथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि शेजारच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांमध्ये साठवली जाई, हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. आता हळदीचे पाकीट करायचे आहे. छपाईत हळदीचा रंग साधायचा तर पिवळी शाई जवळजवळ पूर्ण आणि तिच्यात थोडा मॅजेंटा घालायचा, इतकाच खेळ. पण तो 'थोडा' फार नाजूक असतो. पाच-दहा टक्क्यांनी पिवळा केशरी होतो, आणि गिऱ्हाईक पाकीट हातात घेऊन म्हणते की यात रंग मिसळलाय वाटतं. आता मॉनिटर निळ्याकडे झुकलेला आहे असे धरा; दुकानात चमकदार दिसावा म्हणून कित्येक मॉनिटर तसेच लावून पाठवलेले असतात. डिझाइन करणारा बशीत हळद घेऊन शेजारी ठेवतो, नजर बशीवरून पडद्याकडे नेतो, पडद्यावरचा पिवळा त्याला फिका आणि हिरवट वाटतो, म्हणून तो मॅजेंटा वाढवतो. पुन्हा पाहतो, आणखी थोडा वाढवतो. त्याने मनापासून काळजी घेतलेली असते, आणि नेमकी त्या काळजीनेच फाइल बिघडते. हजारो पाकिटे केशरी छापून येतात. खेळात मॉनिटर मागे पडला तर एक फेरी हातची जाते. इथे नुकसान हळद पिकवणाऱ्याचे आणि विकणाऱ्याचे होते, आणि त्यांनी तो मॉनिटर कधी पाहिलेलाही नसतो. रंग आधी पाहावा असे मी म्हणतो त्यामागे हे दुसरे कारणही आहे.

यावर पहिला आक्षेप छपाईवालेच घेतात. त्यांचे म्हणणे असे, की मॉनिटर कितीही खरा असला तरी मशीन रंग बदलतेच. आज फ्लेक्सच्या मशीनवर एक, उद्या ऑफसेटवर दुसरा, कागद बदलला की तिसरा. मग मॉनिटरवर जादा पैसे का घालायचे? आक्षेप अनुभवातून आलेला आहे आणि त्यातला पहिला भाग बरोबर आहे. पण निष्कर्ष उलटा निघतो. मॉनिटरही खोटा आणि मशीनही डळमळीत असेल तर छापून आलेल्या चुकीचे मूळ कुठे आहे हे कधीच सापडत नाही. दोहोंपैकी एक बाजू पक्की असली की दुसरीची खोड कळते: अमुक छापखान्याची मशीन लाल जास्त ओढते, तमुक कागद शाई पितो. चार कामांत त्या मशीनचा स्वभाव लक्षात येतो आणि फाइल तशी बेतता येते. फ्लेक्सच्या बाबतीत मी थोडे मागे यायला तयार आहे. धावत्या गाडीतून पाहायच्या बॅनरला फार काटेकोर रंग लागत नाही. पण पत्रिका आणि पाकीट माणूस हातात घेतो, आणि नायगावच्या वाटेवरच्या त्या चेहऱ्याचा रंगही सांभाळला जावा असे मला मनापासून वाटते.

दुसरा आक्षेप तरुणांचा, आणि तो जास्त जड आहे. आता पत्रिका छापतोच कोण? ती व्हॉट्सॲपवर जाते आणि पन्नास जणांच्या पन्नास मोबाइलवर पन्नास रंगांत दिसते. कुणाचा मोबाइल भडक मोडवर, कुणी रात्री पिवळा उजेड लावलेला. मग खरा रंग कुठला? याचे उत्तर इतकेच देता येते, की मोबाइल दोन्ही बाजूंना झुकलेले असतात म्हणूनच आपण मधोमध उभे राहावे. मध्यावरून काढलेली चूक कुणाकडेही फार मोठी होत नाही. आपणच एका टोकाला बसून रंग ठरवला तर दुसऱ्या टोकाच्या मोबाइलवर नवरदेवाचा फेटा किंवा कुंकू ओळखू येणार नाही. हा मधला बिंदू ठरलेला आहे. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एसआरजीबी नावाचे रंगमान मांडले, १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले, आणि आजही बहुतेक सगळे फोटो, वेबसाइट, फाइली त्याच मापाने चालतात. गेमिंगच्या मॉनिटरांत मात्र हल्ली त्याहून रुंद रंगपट्टा दिलेला असतो. खेळात ते छान दिसते, गवत हिरवेगार आणि स्फोट लालबुंद. पण आवर न घालता तोच पट्टा डिझाइनला लावला तर माणसाची त्वचा भाजल्यासारखी तांबडी दिसते, आणि बिचारा डिझाइनर लाल कमी करत बसतो. म्हणून मेनूत एसआरजीबीचा मोड आहे का, आणि त्या मोडमध्ये ब्राइटनेस कमी-जास्त करता येतो का, हे विकत घेण्याआधी पाहावे. काही मॉनिटरांत तो मोड लावला की ब्राइटनेस एका जागी अडकतो, आणि मग तो मोड कुणी वापरत नाही.

पॅनेलच्या जातींबद्दल फार लिहीत नाही. टीएन पॅनेल वेगवान असते, पण खाली वाकून किंवा बाजूने पाहिले की रंग पालटतात. जो रंग मानेच्या हालचालीने बदलतो त्यावर काम कसे करणार? व्हीए पॅनेलचा काळा गडद आणि सुंदर, मात्र अंधाऱ्या दृश्यात हलत्या वस्तूमागे काळपट ओरखडा राहतो. दोन्ही कामांना पुरेल अशी आज आयपीएसच. ओएलईडी दोन्हींत सरस आहे, पण कोरलसारख्या सॉफ्टवेअरच्या पट्ट्या दिवसदिवस एकाच जागी उभ्या राहिल्या की त्यांचा ठसा पडद्यावर कायमचा उमटण्याची भीती असते, आणि किंमतही जड.

आकाराच्या बाबतीत मात्र देवनागरीचे म्हणून काही सांगायला हवे. २७ इंची मॉनिटरवर १०८० पिक्सेलचे रिझोल्यूशन घेतले तर दर इंचात जेमतेम ८२ पिक्सेल येतात. लग्नपत्रिकेच्या तळाशी 'आमच्या मामाच्या लग्नाला' असे बारीक टायपात लिहिताना 'लग्नाला'मधला अर्धा ग धूसर होतो, 'कार्यस्थळ'चा रफार शिरोरेषेत बुजतो, अनुस्वार आहे की पडद्यावरची धूळ हे झूम केल्याशिवाय कळत नाही. आपली लिपी शिरोरेषेच्या वर आणि खाली दोन्हीकडे पसरते. तिला रोमन अक्षरांपेक्षा जास्त बारकावा लागतो. त्याच आकारात १४४० पिक्सेल घेतले तर इंचाला १०९ होतात आणि रफार स्पष्ट दिसतो. मग सरळ ४के का नको? ४के म्हणजे ८३ लाख पिक्सेल, १४४० म्हणजे ३७ लाखांच्या आत. खेळताना ग्राफिक्स कार्डाला दर चित्रात तेवढे रंगवावे लागतात. घरगुती बजेटमधले कार्ड ४के ला धापा टाकते आणि घेतलेला वेग वाया जातो. २७ इंच, १४४० पिक्सेल, आयपीएस, १४४ ते १८० हर्ट्झ, एसआरजीबी पूर्ण, आणि रंगातली चूक, जिला डेल्टा ई म्हणतात, ती २ च्या आत: माझ्या मते या दोन कामांचा समेट आज इथे होतो. जागा असेल आणि घरात जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर पडून असेल तर तो शेजारी ठेवून त्यावर टूल आणि मेल उघडावेत. रंग मात्र नव्यावरच ठरवावा.

एवढे करूनही काम अर्धेच होते, कारण मॉनिटर एखाद्या खोलीत ठेवलेला असतो, आणि आजूबाजूचे रंगही डोळ्याला फसवतात. मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसमधल्या गोबलॅं कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. विणलेल्या भित्तिपटांतला काळा रंग फिका वाटतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने रंग तपासले तर ते चोख निघाले. दोष शेजारच्या रंगांचा होता. जवळचे रंग एकमेकांना बदलतात यावर त्याने १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. आपल्याकडच्या खोल्यांच्या भिंती पोपटी, गुलाबी, आकाशी. पोपटी भिंतीसमोर ठेवलेल्या पडद्यावरची हळद जास्त तांबूस भासते, आणि मॅजेंटा कमी करण्याचा मोह होतो. खंडाळा तालुक्यातच एशियन पेंट्सचा मोठा कारखाना २०१३ मध्ये सुरू झाला. रंगाच्या धंद्यातली रीत अशी, की दोन नमुने जुळले असे म्हणण्याआधी ते राखाडी आतल्या बाजूच्या पेटीत ठेवून वेगवेगळ्या उजेडात पाहायचे: दिवसाचा, पिवळ्या बल्बचा, दुकानातल्या ट्यूबचा. एका उजेडात जुळलेले दुसऱ्यात फारकत घेतात. भिंतीला लावायच्या रंगासाठी इतकी खबरदारी घेतली जाते, तर त्या भिंतीसमोर बसून ठरवायच्या रंगासाठी मॉनिटरमागचा एक चौरस फिका राखाडी करून घेणे काही फार नाही. खिडकी पाठीमागे किंवा समोर नसावी, बाजूला असावी. ब्राइटनेस पूर्ण ठेवून केलेली फाइल छापून काळपट येते, 'प्रिंट डार्क आली' ही रोजची तक्रार बहुतेक वेळा त्यातलीच. कामाला १२० निट्सच्या आसपास उजेड पुरतो. खेळासाठी तो वाढवायचा तर दुसरा प्रीसेट ठेवावा. आणि रंग मोजणारे कॅलिब्रेटर एकट्याला महाग पडत असेल तर तालुक्यातल्या चौघा-पाच जणांनी मिळून एक घ्यावे. महिन्याला एकदा लागणारी वस्तू आहे ती.

खेळणारे म्हणतील, हे सगळे डिझाइनच्या बाजूने झाले. तसे नाही. १४४ हर्ट्झच्या खाली त्यांनी उतरू नये हे मी मान्य केलेच आहे, आणि जो स्पर्धेत उतरतो, ज्याची कमाई त्यावर आहे, त्याने बेलाशक ३६० चा घ्यावा. पण घरी दोन तास खेळणाऱ्याला २.८ मिलिसेकंदांसाठी रंग गहाण टाकायला सांगणे मला योग्य वाटत नाही.

एक शंका मात्र मलाही सुटलेली नाही. एसआरजीबी ठरले तेव्हा त्याचा पाया काचेच्या जाड पिक्चर ट्यूबचे रंग हा होता. ती ट्यूब आता कुणाच्या टेबलावर नाही, पण तिच्या रंगांचे माप आपण अजून पाळतो. आजवर ते निभावले, कारण शेवटी ताडून पाहायला कागद होता, पाकीट होते. रस्त्यांवर फ्लेक्सच्या जागी एलईडीचे फलक येऊ लागले आहेत. पत्रिका मोबाइलवर गेली, बॅनरही उजेडाचा झाला, तर मॉनिटरशेजारी धरून पाहायला हातात काय उरेल? मसाल्याची पाकिटे अजून तरी छापली जातात. त्यांच्यापुरते उत्तर बशीतल्या हळदीत मिळते. बाकीच्या कामांत खरा रंग कुणाचा धरायचा, हे खंडाळ्यातल्या त्या टेबलाशी बसलेल्या मुलाला येत्या काही वर्षांत स्वतःच ठरवावे लागेल, आणि तो काय ठरवतो याची मला खरोखर उत्सुकता आहे.